कोड साठवायचा कसा, दाखवायचा कसा: डेटाबेसच्या फील्डची निवड

नागपुरातल्या कळमना बाजारात संत्र्याची अडत असलेल्या व्यापाऱ्यासाठी आवक-विक्रीचं सॉफ्टवेअर करायचं आहे, असं धरून चालू. ट्रक गेटवर येतो, नोंद होते, लिलाव होतो, काटा होतो, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीच्या हिशेबाचा कागद) निघते, पैसे चुकते होतात. या एका पावतीवर कोड किती असतात ते मोजा: बहार (संत्र्याचा हंगाम) आंबिया की मृग, मालाची प्रत, क्रेट की खुला माल, गाडीचा आरटीओ कोड, शेतकऱ्याचा जिल्हा आणि तालुका, पिनकोड, फोनचा एसटीडी कोड, एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा कोड), जीएसटीचा राज्य कोड, व्यवहाराची स्थिती. डेटाबेसमध्ये यातलं प्रत्येक छोट्या खुणेच्या रूपात बसतं आणि पडद्यावर पूर्ण नावानं दिसावं लागतं.

घोळ होतो तो इथेच. बहारच्या कॉलमात १ आणि २ भरून ठेवलेले असतात, त्यांचा अर्थ प्रोग्रामरच्या डोक्यात असतो, आणि सहा महिन्यांनी रिपोर्टचा कागद हातात घेऊन मुनीम विचारतो, "भाऊ, दोन नंबर म्हणजे मिरग का आंबिया?"

खालच्या पायऱ्या मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल किंवा अ‍ॅक्सेसमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: टेबल करण्याआधी यादी करा

कागदावर कोड असलेलं प्रत्येक फील्ड लिहा आणि पुढे तीन प्रश्नांची उत्तरं भरा. हा कोड कोणी ठरवला, आपण की सरकारनं? यादीत नवी भर पडली तर प्रोग्राम बदलावा लागेल, की नुसतं एक नाव वाढेल? आणि या कोडची कधी बेरीज-वजाबाकी होणार आहे का?

तिसऱ्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच "नाही" असतं. निम्मा निर्णय मात्र त्यातच होऊन जातो.

पायरी २: आकड्यांत लिहिलेला कोड आकडा म्हणून साठवू नका

नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. इंटिजर (पूर्णांकाच्या) कॉलमात टाकला की राहतो ७१२. लिंबूवर्गीय फळांचं एचएसएन शीर्षक ०८०५, ते होतं ८०५. नागपुरी संत्रं हे वनस्पतिशास्त्रानं मँडरिन गटातलं, त्यामुळे त्याचा सहा अंकी कोड ०८०५२१. इंटिजरमध्ये तो ८०५२१ असा पाच अंकी होतो आणि बिलावर चुकीचा छापला जातो. जीएसटीत महाराष्ट्राचा राज्य कोड २७ असल्यानं घरच्या घरी काहीच बिघडत नाही. जम्मू-काश्मीरच्या व्यापाऱ्यानं माल उचलला, की त्याचा ०१ हा नुसता १ होतो आणि पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अक्षरांशी जुळत नाही.

पिनकोडचं थोडं निराळं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेला हा सहा अंकी कोड शून्यानं सुरू होतच नाही, त्यामुळे ४४०००१ इंटिजरमध्येही शाबूत राहतो. तरी मी तो टेक्स्टमध्येच ठेवतो. पहिले तीन अंक टपालाचा सॉर्टिंग जिल्हा सांगतात. "४४० नं सुरू होणारे सगळे" अशी शोधाशोध टेक्स्टवर सरळ होते. शिवाय रिपोर्टच्या साधनांना आकड्यांचा कॉलम दिसला की ती उत्साहानं त्याची बेरीज करून खाली छापतात. पिनकोडची बेरीज पाहून अडत्यानं करायचं काय?

तेव्हा बाहेरून आलेला कोड, मग तो दिसायला कितीही आकड्यांसारखा असो, व्हारकॅरमध्ये, म्हणजे कमी-जास्त लांबीच्या मजकुराच्या कॉलमात, ठेवा. कॅर (ठरावीक लांबीचा मजकूर) आणि व्हारकॅर यांत फार अडकू नका. पोस्टग्रेसमध्ये कॅर वेगवान नाही, उलट उरलेली जागा स्पेसनं भरत बसतं. लांबी ठरलेली असेल तर चेकची (भरलेलं तपासणारी) अट घाला, उदाहरणार्थ पिनकोड बरोबर सहा अंकीच हवा. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकची अट ऐकून घ्यायच्या आणि विसरून जायच्या. जुन्या सर्व्हरवर काम असेल तर आवृत्ती तपासूनच तिच्यावर विसंबा.

मायएसक्यूएलचा आणखी एक सापळा. कॉलम व्हारकॅर आहे, पण क्वेरीत ८०५ हे अवतरणचिन्हाशिवाय लिहिलं, तर तो दोन्ही बाजूंचा आकडा करून तुलना करतो. ०८०५ सापडतं खरं, पण इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) वापरला जात नाही, आणि टेबल मोठं झालं की पडदा घुटमळायला लागतो. पोस्टग्रेस अशा वेळी सरळ एरर देतो, ते बरं.

आपल्या भाषेपुरती एक खबरदारी. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण कोडच्या कॉलमात एकाच लिपीचे अंक हवेत, आणि सरकारी कोडांसाठी ते इंग्रजीच. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असलेला माणूस पिनकोड देवनागरी अंकांत टाकतो. पायथनमध्ये असे अंक इंटिजरमध्ये विनातक्रार बदलतात, जावास्क्रिप्टची अंक ओळखणारी नेहमीची खूण मात्र त्यांना अंक मानत नाही. म्हणजे फॉर्म अडवतो आणि सर्व्हर स्वीकारतो, किंवा कुठेच अडत नाही आणि एकाच पिनकोडची दोन रूपं टेबलात बसतात. साठवण्याआधी अंक इंग्रजीत बदलून घ्या.

पायरी ३: होय-नाहीचं फील्ड

बूलियन वापरा, रिकामं ठेवायला बंदी करा, डिफॉल्ट द्या. मायएसक्यूएलमध्ये बूलियन म्हणजे टायनीइंटच (एक बाइटचा छोटा पूर्णांक) असतो, त्यात ७ सुद्धा बसतो, हे माहीत असू द्या.

पण आधी हे खरंच होय-नाही आहे का ते विचारा. "पैसे दिले?" हे पहिल्या दिवशी होय-नाही वाटतं. मग अडत्या सांगतो की काहींना अर्धे दिलेत, काहींचा चेक दिलाय पण वटलेला नाही. अशी फील्डं सुरुवातीपासून स्थिती म्हणून धरा.

पायरी ४: एनम कुठे चालतो

एनम म्हणजे आधी ठरवलेल्या शब्दांच्या यादीतलाच एक शब्द घेणारं फील्ड. मालाच्या लॉटची स्थिती घ्या: आवक, लिलाव झाला, पट्टी निघाली, चुकते, रद्द. इथे नवी स्थिती आली तर नुसतं नाव वाढत नाही. कोणत्या स्थितीतून कुठे जाता येतं, कोणतं बटण दिसतं, हिशेबात काय धरायचं, हे सगळं प्रोग्राममध्ये बदलावं लागतं. प्रोग्रामर बसणारच असेल तर त्यानं त्याच वेळी एनममध्येही एक शब्द वाढवला तर काही बिघडत नाही. अशा फील्डला एनम, किंवा व्हारकॅर आणि चेक, शोभतो.

बहार, प्रत, पॅकिंग, तालुका यांचं तसं नाही. अडत्याला उद्या "प्लास्टिक क्रेट २० किलो" असा नवा प्रकार हवा असेल तर त्यानं तो स्वतः भरावा, तुम्हाला फोन करू नये. तिथे एनम नको.

एनम वापरायचाच असेल तर त्याचे स्वभाव ओळखून वापरा. मायएसक्यूएल आत क्रमांक साठवतो: २५५ पर्यंत शब्द असतील तर १ बाइट, त्याहून जास्त असतील तर २. सॉर्टिंग अक्षरांनुसार होत नाही, तुम्ही शब्द ज्या क्रमानं लिहिले त्या क्रमानं होतं. स्थितीसाठी हे सोयीचं, गावांच्या नावांसाठी त्रासाचं. नवा शब्द शेवटी जोडला तर काम झटकन होतं. मध्ये घुसवला तर सगळं टेबल पुन्हा लिहिलं जातं, आणि हंगामात ते परवडत नाही.

सर्वात वाईट खड्डा म्हणजे अंकांचा एनम. शब्दांच्या जागी '०', '१', '२' अशी यादी दिली आणि अवतरणाशिवाय २ भरला, तर मायएसक्यूएल तो दुसरा क्रमांक समजतो आणि साठवतो '१'. एरर येत नाही. म्हणून अंकांच्या कोडसाठी एनम कधीच वापरू नका.

पोस्टग्रेसमध्ये एनम हा स्वतंत्र टाइप असतो. त्यात नवा शब्द घालता येतो, आवृत्ती १० पासून नाव बदलताही येतं, पण एकदा घातलेला शब्द काढण्याची सोय नाही. टाइपच नवा करावा लागतो.

पायरी ५: बाकी सगळ्याला लुकअप टेबल

कोड एकीकडे, त्याचं नाव दुसरीकडे. मुख्य टेबलात फक्त कोड, आणि कोड-नावाची जोडी वेगळ्या टेबलात. बहारचं टेबल असं दिसेल:

कोड | मराठी नाव | इंग्रजी नाव | क्रम | चालू
एएम | आंबिया बहार | अंबिया | १ | होय
एमआर | मृग बहार | मृग | २ | होय

पहिल्या आणि तिसऱ्या कॉलमातला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत ठेवायचा. पाचही कॉलमांना काम आहे. क्रम यासाठी, की यादी अक्षरांनुसार नको असते. प्रत "मोठी, मध्यम, लहान" अशीच दिसायला हवी. आणि "चालू" हा कॉलम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कोड वापरातून गेला तरी ओळ पुसायची नाही, "चालू" मध्ये "नाही" भरायचं. नव्या नोंदीच्या यादीत तो दिसत नाही, जुन्या पावत्या मात्र नावासकट उघडतात. जीएसटीच्या राज्य कोडांत हे घडलेलंच आहे: दमण-दीवचा २५ आणि दादरा-नगर हवेलीचा २६ वेगवेगळे होते, २०२० मध्ये हे केंद्रशासित प्रदेश एक झाल्यावर २६ राहिला. २५ ची ओळ पुसली तर त्याआधीची बिलं अनाथ होतात. बंद झालेला कोड दुसऱ्या अर्थानं पुन्हा वापरणं तर त्याहून वाईट.

प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) कोणती ठेवायची? कोड आपणच ठरवला असेल, छोटा असेल आणि बदलणार नसेल, तर कोडच की करा. मुख्य टेबल नुसतं उघडलं तरी एमआर वाचून कळतं की मृग आहे. अशा वेळी टायनीइंटनं जागा वाचते असा वाद कोणीतरी घालतंच. दहा लाख पावत्यांवर प्रत्येकी ३ बाइट जास्त गेले तर झाले सुमारे ३ एमबी. त्यासाठी १ आणि २ चे अर्थ पाठ करत बसण्यात हशील नाही.

कोड सरकारनं दिलेला असेल तर उलट करा: आपला स्वतःचा चालता क्रमांक की म्हणून ठेवा आणि सरकारी कोड बाजूच्या कॉलमात. नागपूर जिल्ह्याचा जनगणनेतला कोड २००१ मध्ये ०९ होता, २०११ मध्ये ५०५. जिल्हा जागचा हलला नाही, कोड हलला. तो की असता तर सगळ्या टेबलांतून बदलत फिरावं लागलं असतं.

फॉरेन की लावा, म्हणजे लुकअप टेबलात नसलेला कोड मुख्य टेबलात शिरणार नाही. "अ‍ॅपमध्ये तपासतोय ना" हे उत्तर चालत नाही, कारण एक्सेलमधून भरलेला डेटा अ‍ॅपला विचारून येत नाही. मायएसक्यूएलमध्ये दोन्ही कॉलमांचा प्रकार तंतोतंत जुळावा लागतो. एक अनसाइन्ड (उणे आकडे न घेणारा) आणि दुसरा साधा इंट असेल तर की लागत नाही आणि ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत एररचा मजकूर फारसं काही सांगत नाही.

एका लॉटला अनेक खुणा असू शकतात: डागी, ओला, फुटका. त्या स्वल्पविरामानं एका फील्डमध्ये कोंबू नका. लॉट आणि खूण यांची जोडी ठेवणारं तिसरं छोटं टेबल करा.

पायरी ६: मराठी नावांना जागा पुरते का ते तपासा

"नागपूर" वाचताना चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबानं ती सहा चिन्हं आहेत (न, काना, ग, प, दीर्घ उकार, र) आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे १८ बाइट. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये व्हारकॅर २० म्हणजे २० चिन्हं, त्यामुळे अडत नाही. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ ची लांबी डिफॉल्टनं बाइटमध्ये मोजतात. तिथे "कळमेश्वर" ही आठ चिन्हं २४ बाइट मागतात आणि २० मध्ये मावत नाहीत. लांबी देताना कॅर हा शब्द लिहून चिन्हांत द्या.

एसक्यूएल सर्व्हरवर मराठी नावाचा कॉलम एनव्हारकॅर हवा, आणि क्वेरीत थेट मजकूर लिहिताना अवतरणाआधी एन हवा. तो राहिला की तालुक्यांच्या यादीत ओळीनं प्रश्नचिन्हं दिसतात.

नावच साठवलं आणि कोड ठेवलाच नाही तर काय होतं, त्याचं उत्तरही इथेच मिळतं. एक जण "वरुड" टाइप करतो, दुसरा "वरूड". दोघंही बरोबर, पण रिपोर्टमध्ये तालुके दोन. "ऱ" हे अक्षर तर युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतं, एकसंध किंवा र अधिक नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही, डेटाबेसला दिसू शकतो.

पायरी ७: नाव कुठे जोडायचं

कोड आणि नाव जोडून "एमआर - मृग बहार" असा मजकूर टेबलात साठवायचा नाही. जोडणी दाखवताना होते. रिपोर्टसाठी एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करा, ज्यात कोडशेजारी नाव आलेलं असेल. मुनीम, सीए, एक्सेलवाला, सगळे तो व्ह्यू वापरतील. जँगोमध्ये (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) काम करत असाल तर चॉइसेस दिलेल्या फील्डचं नाव काढणारं फंक्शन आयतं मिळतं, पण ती नावं प्रोग्राममध्ये राहतात, डेटाबेसमध्ये नाही. दुसऱ्या साधनातून रिपोर्ट काढणाऱ्याला ती दिसणार नाहीत.

जोडताना साधा इनर जॉइन (दोन्हीकडे जोडी असलेल्याच ओळी घेणारा) वापरला आणि काही पावत्यांवर बहार भरलेलाच नसेल, तर त्या पावत्या रिपोर्टमधून गायब होतात. दिवसाची आवक कमी दिसते आणि काटा चुकला की काय म्हणून हमालांशी वाद होतो. लेफ्ट जॉइन (मुख्य टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारा) करा आणि रिकाम्या जागी कोअ‍ॅलेस वापरून "नोंद नाही" छापा.

अ‍ॅक्सेस अजून वापरणाऱ्यांसाठी: टेबलाच्या डिझाइनमध्ये लुकअप विझार्ड लावू नका. कॉलमात क्रमांक असतो, दिसतं नाव, आणि नावानं फिल्टर करायला गेलात की हाती काही लागत नाही. त्याऐवजी फॉर्मवर कॉम्बो बॉक्स ठेवा: कॉलम काउंट २, बाउंड कॉलम १, आणि कॉलम विड्थ्समध्ये पहिली रुंदी शून्य. साठतो कोड, दिसतं नाव, आणि टेबल उघडलं की खरं काय आहे ते कळतं.

टेबलात नाव न साठवण्याच्या नियमाला एक अपवाद आहे. शेतकऱ्याला दिलेली पट्टी हा कागद आहे. त्यावर छापलेलं प्रतीचं नाव आणि दर त्या दिवशीचे होते. पुढच्या वर्षी अडत्यानं "मध्यम" चं "मध्यम-१" केलं, तर जुनी पट्टी पुन्हा छापताना जुनंच नाव यायला हवं. पट्टीच्या ओळींत कोडसोबत त्या वेळचं नावही कॉपी करून ठेवा.

पायरी ८: आधीच चुकलेलं टेबल सुधारताना

जुना कॉलम जागच्या जागी बदलू नका. शेजारी नवा व्हारकॅर कॉलम घाला आणि त्यात भरा. गेलेलं शून्य परत आणताना प्रत्येक कोडचा नियम वेगळा असतो. एचएसएन ४, ६ किंवा ८ अंकी असतो, म्हणजे लांबी सम; ती विषम दिसली की पुढचं एक शून्य गळलंय असं समजा. एसटीडी कोडला मात्र ठरावीक लांबीपर्यंत शून्यं भरणारं एलपॅड लावू नका: मुंबईचा ०२२ तीन अंकी, नागपूरचा ०७१२ चार अंकी. चारपर्यंत भरलंत तर मुंबईचा ००२२ होईल. तिथे सगळ्यांपुढे एकच शून्य जोडायचं. जीएसटीचा राज्य कोड दोन अंकांपर्यंत भरला की झालं.

भरल्यावर ताळा घ्या. जुन्या कॉलमाप्रमाणे गट करून ओळी मोजा, नव्याप्रमाणे मोजा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. ज्या कोडला लुकअप टेबलात जोडी नाही ते वेगळे काढून अडत्याच्या माणसाला दाखवा. ३ किंवा ९ असा आगंतुक आकडा कोणत्या काळात कोणी आणि का भरला, हे त्यालाच आठवतं. अंदाजानं अर्थ लावण्यापेक्षा "जुना, अर्थ अज्ञात" असा बंद कोड करून त्यात टाकणं बरं.

डेटा सीएसव्हीतून येत असेल तर ती फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडून पुन्हा सेव्ह करू नका, सगळी शून्यं तिथेच गळतात. डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि कोडच्या कॉलमांचा प्रकार टेक्स्ट निवडा.

वेळ निवडताना बाजार पाहा. आंबियाची आवक साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्च. मधल्या जानेवारीत हे काम उरकलं तर गेटवर ट्रकांची रांग लागत नाही. जुना कॉलम लगेच काढू नका. मृगाचा हंगाम नव्या कॉलमावर पार पडू द्या, जुन्यात कोणी लिहीत नाही याची लॉगमधून खात्री करा, बॅकअप घ्या आणि मग ड्रॉप करा.